पंधरा गुण

"वयाचे तीस," स्नेहल म्हणाली आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली. "आयटीआयचे दहा." दुसरी भाकरी परातीत तिच्या तळव्याखाली गोल फिरू लागली. "तिकडच्या राज्याची शिफारस आली की पाच. आणि अनुभवाचे पंधरा. झाले की नाय साठ?"

"आन भाकऱ्यांचे किती?" शांतीनं विचारलं. ती स्नेहलची मोठी जाऊ. चुलीत लाकूड सारताना तिचे डोळे धुरानं लाल झाले होते.

"भाकऱ्यांना ऑस्ट्रेलियात गुण नाहीत, वयनी."

"मंग कसला तो देश," शांती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पळस्पे फाट्यावरच्या खानावळीला रोज शंभर भाकऱ्या जायच्या. अकरा वाजता टेम्पो यायचा, त्याच्या आत शंभर व्हायलाच हव्यात. मे महिना, मागल्या पडवीवर पत्रा आणि पुढ्यात चूल. घाम हनुवटीवरून थेट परातीत पडू नये म्हणून दोघीही मान वाकडी करून थापायच्या, त्यामुळे दोघींच्या मानेला एकाच बाजूला कळ. बोटांची टोकं तर भाजून भाजून अशी निबर झाली होती की स्नेहल तव्यावरची भाकरी नुसत्या हातानं उलटायची. पण तिचं तोंड काही थांबायचं नाही. गेलं वर्षभर तिच्या तोंडात हेच होतं. कौशल्य असलेल्या माणसाला तिकडचं सरकार कायमचं ठेवून घेतं, बायकोपोरांसकट. त्यासाठी साठ गुण लागतात, आणि तिच्या नवऱ्याचे, कुंदनचे, नेमके साठच भरत होते. एकसष्ट नाहीत, एकोणसाठही नाहीत. शाळेतल्या पहिल्या नंबराचा तिला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता.

घाई एकाच गोष्टीची होती. ऑगस्टच्या नऊ तारखेला कुंदनला तेहतीस लागणार होती, आणि त्या दिवशी वयाचे तीस गुण एकदम पंचवीस होणार होते. इंग्रजीची परीक्षा दोनदा देऊन झाली. दुसऱ्या खेपेला परीक्षा घेणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, तुझ्या घराजवळच्या एखाद्या जागेबद्दल बोल. तो खाडीबद्दल बोलला. भरती, ओहोटी, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे, सगळं सांगितलं. निवट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं, तर त्यानं हातानं उडी मारून दाखवली. पास झाला.

चार वाजता कुंदन सायकल टेकवून आत आला तो भिंत चाचपतच. कंटेनर दुरुस्तीच्या यार्डात तो वेल्डर. आज तोंडासमोर धरायची काळी काच तडकली होती, तरी भोकांवर सहा पॅच मारल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"आर्कचा उजेड गेला डोळ्यांत," तो म्हणाला आणि ओटीवर आडवा झाला.

पाच वर्षांच्या रियाला हे पाठ होतं. तिनं बटाटा आणला, स्नेहलनं चकत्या कापल्या, रियानं त्या बाबाच्या पापण्यांवर ठेवल्या आणि पाण्यासारखे ओघळ फ्रॉकनं पुसले. कुंदनच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ठिणग्यांचे बारीक पांढरे ठिपके होते. रिया ते मोजत बसायची.

"सोमवारी व्हिसाच्या कीर्ती मॅडमकडं जायचंय," स्नेहल म्हणाली. "अनुभवाचे कागद मागितलेत."

बटाट्याच्या चकत्यांखाली कुंदनचा चेहरा हलला.

कारण नोकरी घराची होती, त्याच्या नावाची नव्हती.

म्हणजे असं. कुंदनच्या घराची, घरतांची, भातशेती आणि थोडं मिठागर नव्या शहरासाठी गेलं, तेव्हा मोबदल्याबरोबर एक दाखला मिळाला. एका घराला एक नोकरी. सासऱ्यांनी, गणू घरतांनी, तो थोरल्याच्या नावे केला. थोरला जगन, शांतीचा नवरा, यार्डात लागला, तीन वर्षं राबला, आणि होळीच्या आठवड्यात पळस्प्याच्या वळणावर टेम्पो कलंडून त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली. आत सळी घातली, पण पाय वाकायचा बंद झाला. गणू घरत म्हणाले, जागा रिकामी ठेवायची नाय. पुढच्या सोमवारी आयटीआय करून बसलेला कुंदन जगनचा पास घेऊन गेटातून आत गेला. हजेरी घेणारा मुकादम काशिराम गावातलाच. त्यानं "जगन घरत" म्हटलं, कुंदन "हाय" म्हणाला. पुढं पास नवा झाला तेव्हा फोटो कुंदनचा आणि नाव जगनचं, असा झाला.

यात कुणाला वावगं वाटलं नाही. सातबारा बापाच्या नावावर असला तरी नांगर ज्याच्या हाताला बळ त्यानं धरायचा. शेताच्या जागी नोकरी आली, ती पण तशीच धरली. गावात अशी अजून पाच-सहा घरं होती. पगार जगनच्या खात्यात यायचा, जगन आईच्या हातात द्यायचा, आई घर चालवायची. सासरे वारले तरी रीत तीच राहिली.

नोकरीबरोबर कामगार विम्याचं कार्ड होतं. त्यावर जगन, बायको शांती आणि त्यांचे दोन मुलगे. रियाच्या वेळी स्नेहलचं अडलं, पोर आडवं आलं, तेव्हा खाजगीत न्यायची ऐपत नव्हती आणि विचार करायला वेळही नव्हता. तिला कार्डावर विम्याच्या दवाखान्यात नेलं. पोटाला टाके असताना सहा दिवस नर्स "शांती घरत" अशी हाक मारायची आणि स्नेहल "हो" म्हणायची. ते सहा दिवस खरी शांती घरातून बाहेर पडली नाही, नळावरसुद्धा नाही, कारण शांती तर दवाखान्यात बाळंत झाली होती. रियाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव शांती आलं आणि बापाचं जगन.

दवाखान्यात स्नेहलला हे खुदकन हसायला लावणारं वाटलं होतं. हसली की टाके दुखायचे. मग रिया बालवाडीत गेली आणि बाईंनी हजेरीपट बघून विचारलं, "आई का नाही आली? तुम्ही काकी ना?" त्या दिवशी स्नेहल घरी आली आणि पहिल्यांदा तिनं पेपरातून फाडून ठेवलेला ऑस्ट्रेलियाच्या जाहिरातीचा तुकडा उघडून नीट वाचला. नवरा, बायको, मूल, तिघं एका फायलीत. तिला तेवढंच हवं होतं.

कीर्ती मॅडमचं ऑफिस नवीन पनवेलला, स्टेशनसमोर दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर समुद्राचे फोटो होते, आपल्या खाडीसारखा एकही नाही. मॅडमनी पास हातात घेतला, फोटो पाहिला, समोर बसलेल्या कुंदनला पाहिलं.

"हा जगन कोण?"

"भाऊ," कुंदन म्हणाला.

"पण फोटो तुमचा आहे."

"हो."

"मग तुम्ही कुठे काम करता?"

"तिथंच."

"अहो, पेपरवर कोण करतं?"

"पेपरवर दादा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग रियाचा जन्मदाखला उचलला, तो वाचला, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे तुम्ही मला एक वर्षापूर्वी सांगायला हवं होतं, स्नेहल."

"तुम्ही विचारलं किती वर्षं काम केलं, ते खरं सांगितलं."

"मुलीचं होऊ शकतं. कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट, डीएनए टेस्ट, वेळ लागेल पण होईल. अनुभवाचं मात्र कंपनीचं पत्र लागेल, यांच्या स्वतःच्या नावाचं. नाहीतर अनुभव झीरो. पंचेचाळीसवर कोणी फाइल उघडत पण नाही."

"मॅडम, यार्डात चला. मी तुम्हाला यांनी मारलेला पॅच दाखवते. कंटेनरात जाऊन आतून दार लावलं तरी टाचणीएवढा उजेड येत नाही."

"मला दाखवून काय उपयोग? ते लोक पेपर बघतात."

"मिळेल पत्र," स्नेहल म्हणाली. एवढ्या ठामपणे म्हणाली की कुंदनसुद्धा वळून तिच्याकडं बघायला लागला.

त्या संध्याकाळी ओटीवर सगळे बसले. जगन पाय लांब सोडून मासे धरायचा पाग विणत होता. पाय वाकत नसल्यानं तो नेहमी असा बसायचा, आणि येणाराजाणारा त्याच्या पायाला वळसा घालून जायचा. सासू, कृष्णाबाई, उंबऱ्यावर होती.

स्नेहलनं सगळं सांगितलं. कंपनीत खरं काय ते सांगायचं, कुंदनच्या नावाचं पत्र मागायचं.

"आन जगनचं काय?" कृष्णाबाई म्हणाली.

"दादांचं..." स्नेहल अडखळली.

"दादाचं नाव कटलं की दाखला मेला. परत कुनी देनार नाय. यो जानार विमानानं, आन आमी काय खायाचं? तुझ्या भाकऱ्या?"

"तिकडून पाठवू ना आई."

"समदी पाठवतात. नाक्यावरच्या म्हातारीला इचार, तिचा पोरगा दुबईसून किती पाठवतो."

शांती इतका वेळ तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं नाव घेऊन बालंत झालीस तवा गोड लागलं. सहा दिस मी घरात मेल्यागत पडून होते. न्हाणीत जाताना पन डोक्यावरसून चादर. आता कोरटात जाऊन सांगनार, शांती खोटी."

"तुम्ही खोट्या नाही, वयनी. कागद खोटा आहे."

"कागदावर मीच हाय की."

जगननं पागाची गाठ दातानं ओढून घट्ट केली. त्याला बोलायला नेहमी वेळ लागायचा, आणि या घरात त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची रीत होती.

"आठ वर्सं यानं राबून मला पोसला," तो म्हणाला. "मी नाय म्हननार नाय. काशिरामला गाठ. त्यानं लिवून द्यावं, कुंदन काम करतो. पन माझं नाव त्यात नको. मी काम करत नाय, असं कुठंच लिवायचं नाय. तेवढं सांभाळ, स्नेहल बाय."

तेवढं सांभाळ. स्नेहलनं ते सांभाळलं आणि तिथंच सगळं चुकलं.

काशिराम मुकादमाकडं ओव्हरटाइमच्या याद्यांसाठी कंपनीचे छापील कागद असायचे. स्नेहलनं घरून इंग्रजीत मजकूर लिहून नेला. कुंदन गणू घरत हा माझ्या हाताखाली मार्च दोन हजार पाचपासून, म्हणजे आठ वर्षं दोन महिने, वेल्डरचं काम करतो. पुढं कामं लिहिली. पत्रा कापणं, पॅच बसवणं, दाराची चौकट सरळ करणं. जगनचं नाव कुठंच नव्हतं.

काशिरामनं तिला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "यात खोटं एक अक्षर नाय. देव आला तरी मी हेच सांगीन." त्यानं सही केली, हजेरीच्या खोलीतला शिक्का दोनदा मारला, एकदा पुसट आला म्हणून. गावात काशिरामच्या शब्दावर लग्नं ठरायची, बांध सरकायचे. त्याच्या सहीपलीकडं कुणी विचारील हे स्नेहलच्या मनातही आलं नाही. कंपनीच्या हिशेबी काशिराम म्हणजे कंत्राटदाराचा हजेरी घेणारा माणूस, हे तर ती विसरूनच गेली होती.

कीर्ती मॅडमनी पत्र उलटसुलट पाहिलं. "ऑफिशियल आहे ना?"

"कंपनीचा कागद, कंपनीचा शिक्का."

मॅडमनी ते पाठवलं. स्नेहल जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या एकदम. स्टेशनसमोर उसाचा रस घेतला, एक तिथं प्यायली, एक पिशवीत बांधून रियाला घेतला. बारा दिवस ती अशीच होती. भाकऱ्या थापता थापता तिनं शांतीच्या थोरल्या मुलाला, वेणूला, इंग्रजी महिने पाठ करायला लावले. तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो हे ऐकून शांती म्हणाली, "म्हंजे तिकडं पन उन्हाळा हायेच."

तिकडून पत्राची खातरजमा करणारा मेल मुंबईच्या मुख्य कचेरीत गेला. मुख्य कचेरीनं आपल्या यादीत पाहिलं. कुंदन घरत नावाचा वेल्डर त्यांच्याकडं नव्हताच. खाली सही काशिरामची, आणि त्याच्या हजेरीत घरत एकच, जगन.

तेराव्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमननं पास काढून घेतला. "जगन घरत, बाजूला." रांगेतले बाकीचे आत गेले. कुंदन डबा हातात घेऊन दोन तास उन्हात उभा होता. मग सांगितलं, गुरुवारी या, भावाला घेऊन या, घरच्यांना घेऊन या.

गुरुवारी चौघं गेली. जगन काठी टेकत, कुंदन त्याच्या मागं, मग शांती आणि स्नेहल. ऑफिसात एसी इतका होता की अंगावरचा घाम गार पडून स्नेहलला हुडहुडी भरली. काशिराम कोपऱ्यात उभा, टोपी हातात. मुंबईहून आलेले साहेब तरुण होते, सौम्य बोलायचे. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. खुर्च्या तीनच होत्या. स्नेहल उभी राहिली.

"जगन घरत कोण?"

"मी," जगन म्हणाला.

"इथे वेल्डर म्हणून काम कोण करतं?"

जगननं कुणाकडं पाहिलं नाही. "मी."

"बरं," साहेब म्हणाले. "मग चला, करून दाखवा."

बाहेर दुपारचे बारा. एका चाळीस फुटी कंटेनरच्या खालच्या कडेला हाताएवढं भोक कापून ठेवलेलं, शेजारी पॅचचा पत्रा. काम उकिडवं बसून करायचं होतं. जगनला तसं बसता येत नव्हतं. त्यानं काठी पत्र्याला टेकवली, मोडका पाय बाजूला सरळ टाकला आणि तो जमिनीवर एका कुल्ल्यावर पडल्यासारखा टेकला. तापलेल्या खडीनं त्याचा तळवा भाजला, त्यानं तो पँटला पुसला. कुणीतरी वेल्डिंगचा होल्डर हातात दिला. आठ वर्षांनी त्यानं पत्र्याला रॉड लावला, एक ठिणगी उडाली आणि रॉड पत्र्याला चिकटला. ओढून काढला. पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. काच तोंडासमोर धरायची त्याला आठवण राहिली नाही. तिसऱ्यांदा रॉड चिकटून लाल झाला, आणि वितळलेला थेंब त्याच्या पोटरीवर पडला. ज्या पायाला जाण कमी होती त्याच पायावर. त्याला ते कळलं नाही. कातडीचा वास आला तो बाकीच्यांना.

यार्डातली माणसं काम थांबवून बघत होती. सगळी ओळखीची. कुणी हसलं नाही, हेच स्नेहलला सोसेना.

"साहेब, पुरे," कुंदन म्हणाला. "मी कुंदन. आठ वर्सं मीच करतो."

तो जगनच्या शेजारी उकिडवा बसला, त्याच्या हातातून होल्डर घेतला, दुसऱ्या हातानं त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं. मग पॅच बसवून एका दमात चारही कडा मारल्या. हातोडीनं वरचा थर झाडला तेव्हा खाली टाक्याला टाका धरलेली रेघ होती. साहेब वाकून बघत राहिले.

"काम छान आहे," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

परत आत. आता साहेबांपुढं जगनच्या नावाची फाइल होती. त्यांनी विम्याचा कागद काढला.

"बघा, गावकऱ्यांशी आम्हाला भांडण नकोय. पोलिसात जाणार नाही. दाखला जगन यांचा आहे, त्यांनी स्वतः सात दिवसांत हजर व्हावं, झाडलोटीचं, उचलण्याचं, जे जमेल ते काम देऊ. कुंदन यांना बंदी. पण विम्याचं काय? या कार्डावर उपचार घेतलेत. पत्नी शांती, मुलगे दोन, मुलगी रिया. ही माणसं तरी खरी आहेत, की हेही तसंच? तसं असेल तर मला हे विमावाल्यांकडे पाठवावं लागेल. मग ते वसूल करतील, केस करतील, आणि नोकरीही राहणार नाही."

शांती स्नेहलकडं बघत होती. जगन खाली. त्याच्या पोटरीवर लालभडक फोड आला होता.

"खरी आहेत," स्नेहल म्हणाली.

"मुलगी यांचीच?"

"हो. वयनींचीच."

"तुम्ही कोण?"

"मी काकी."

साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली. तसा एक जबाब टाइप करून आणला, साक्षीदार म्हणून खाली सही करायला सांगितलं, आणि स्नेहलनं केली. तिचं अक्षर सुंदर होतं. सहीसुद्धा तशीच आली.

काशिरामची हजेरीवही त्याच दिवशी काढून घेतली. तो गेटापर्यंत त्यांच्याबरोबर आला. "माझ्या सहीचं पन कुनी तपासनार, हे नव्हतं वाटलं," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी पोस्टानं कुंदनच्या नावानं पाकीट आलं. स्नेहलनं ते पडवीत उभ्याउभ्या फोडलं. मुख्य कचेरीचं पत्र, इंग्रजीत, वर नाव-पत्ता, खाली दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आणि ठळक शिक्का. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. चौकशीत असे सिद्ध झाले आहे की श्री. कुंदन गणू घरत यांनी मार्च दोन हजार पाच ते मे दोन हजार तेरा, म्हणजे आठ वर्षे दोन महिने, या कंपनीत पूर्ण वेळ वेल्डर म्हणून प्रत्यक्ष काम केले. पुढचं वाक्य होतं. ते तिनं वाचलं, पण तिच्या डोळ्यांना ते दिसलंच नाही. तिनं तवा तसाच चुलीवर सोडला.

"वयनी, वीस राहिल्यात, तुम्ही करा," म्हणाली आणि पिठाच्या हातानंच रिक्षात बसली.

कीर्ती मॅडमनी पत्र सावकाश वाचलं. स्नेहल त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आता हसतील, आता हसतील.

"हे असंच तर पत्र हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "अगदी अशाच शब्दांत."

"मग पंधरा मिळतील ना?"

"पुढे काय लिहिलंय वाचलंत ना? दुसऱ्याच्या नावाने, खोट्या ओळखपत्रावर. हे मी जोडलं तर अनुभव सिद्ध होईल आणि फसवणूकही सिद्ध होईल, एकाच पानावर. आणि आधीचं पत्र कंपनीने नाकारलंय, स्नेहल. तिकडच्या सरकारचा मेल सकाळीच आलाय. फाइल बंद. काही वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही."

"काही म्हणजे किती?"

"तोवर वयाचे गुण गेलेले असतील."

स्नेहलच्या बोटांवरचं पीठ वाळून तडकलं होतं. ती ते नखानं खरवडत राहिली.

"मुलीच्या दाखल्याचं निदान सुरू करा," मॅडम जरा हळू म्हणाल्या. "ते तर तुमच्या हातात आहे."

"नाही," स्नेहल म्हणाली. "मी सही केली. ती वयनींची आहे म्हणून."

मॅडमनी आयटीआयचं सर्टिफिकेट, परीक्षेचा निकाल, तिघांचे फोटो, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. ओटीवर जगन कुंदनचे लोखंडी टोकाचे बूट घालून बघत होता. उद्यापासून त्याला जायचं होतं. मोडक्या पायाचा बूट जाईना, तर कुंदन खाली बसून तो पाय दोन्ही हातांनी धरून आत सारत होता, घोड्याला नाल ठोकतात तसा. पोटरीवर फडकं बांधलेलं. कृष्णाबाई उंबऱ्यावर, शांती खांबाला टेकून उभी. रिया तिच्या पदराशी.

"कसलं पत्र व्हतं?" कृष्णाबाईनं विचारलं. "शांती सांगत व्हती, चूल टाकून पळालीस."

"कंपनीचं."

"वाच."

"इंग्रजीत आहे, आई."

"मंग मराठीत वाच."

स्नेहलनं कागद उघडला. कुंदननं बुटावरचे हात काढले नाहीत, मान मात्र वर केली. त्याला इंग्रजी वाचता येत होतं. पत्र त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

"कुंदन गणू घरत यांनी," स्नेहल म्हणाली, "आठ वर्षं दोन महिने, या कंपनीत वेल्डर म्हणून काम केलं."

"असं लिवलंय?"

"हो."

"सही-शिक्का हाय?"

"दोन सह्या आहेत."

कृष्णाबाई उठली, जवळ आली. तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं, कुंदनचं नाव कुठाय. स्नेहलनं दाखवलं. म्हातारीनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. वळून जगनच्या पायाकडं पाहिलं. मग परत येऊन उंबऱ्यावर बसली.

"मंग जावा," ती म्हणाली. "आता हा जातोय कामाला. आमचं कसंबी व्हईल. मी अडवत नाय. तारीख जाईल ना तुमची, ऑगस्टाची? बसू नका वाट बघत."

जगन म्हणाला, "मी बी तेच सांगत व्हतो आयला."

शांतीनं रियाचे केस मागं सारले. "तिकडं गेल्यावर हिच्या कागदावरचं माझं नाव काढून टाक. इथं नको, इथं समदी इचारतील. तिकडं कोन ओळखतंय."

कुंदन बघत होता. प्लास्टिकची पिशवी स्नेहलच्या काखेत होती, तिच्यातून तिघांचे फोटो दिसत होते. परत दिलेले. त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली आणि बुटाची नाडी बांधायला घेतली, एक गाठ, दुसरी गाठ, मग उगाच तिसरी.

"किती दिस लागतील?" कृष्णाबाईनं विचारलं.

"लागतील थोडे," स्नेहल म्हणाली आणि उद्याचे तांदूळ धुवायला आत गेली.